दुबार म्हणून काढलेलं कार्ड

अब्बांना खडकीहून वाघोलीला माझ्या घरी आणायचं ठरलं तेव्हा मी तीन याद्या केल्या. काय आणायचं, काय वाटून टाकायचं, काय रद्दीत घालायचं. अम्मीला जाऊन वर्ष झालं होतं, अब्बांना एक्क्याऐंशीवं लागलं होतं आणि गॅस तसाच चालू ठेवून ते दोनदा नमाजला निघून गेले होते. चर्चेला जागा नव्हती. मी एका कॉलेजच्या रेकॉर्ड विभागात सव्वीस वर्षं काम करते. विद्यार्थ्यांचे दाखले, गुणपत्रिका, जातीची प्रमाणपत्रं माझ्या ताब्यात असतात आणि त्यातला एकही कागद माझ्या हातून हरवलेला नाही. दोन खोल्यांचं घर हलवणं मला दोन रविवारांचं काम वाटलं, आणि ते मी दोन रविवारांतच केलं.

तिसऱ्या यादीचा मला अजून राग येतो. यादी करणारी मीच होते, त्यामुळे तो काढायला दुसरं कुणी नाही.

अब्बांकडे बुटांचे अकरा खोके होते आणि त्यांत कार्डं होती, हदीसची. पैगंबर काय म्हणाले, कसे वागले, याची जी कथनं माणसांनी माणसांना सांगत जपली ती हदीस. प्रत्येक हदीसला दोन भाग असतात. खाली कथन, आणि वर नावांची साखळी: याने त्याच्याकडून ऐकलं, त्याने आणखी कुणाकडून, असं करत पैगंबरांपाशी बसलेल्या माणसापर्यंत. या साखळीला सनद म्हणतात, आणि तिच्यातल्या प्रत्येक सांगणाऱ्याला रावी. सगळा अभ्यास या रावींचा. माणूस खरा होता का, त्याची आठवण पक्की होती का, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो कधी भेटला होता का. एक कडी कच्ची निघाली की कथन कितीही गोड असो, बाजूला.

अब्बा मौलाना नव्हेत. खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे प्रत्येक पेटीबरोबर एक चिठ्ठी असे: कुणी बनवलं, कुणी तपासलं, कुणाच्या ताब्यात दिलं. चिठ्ठीवर एक सही कमी असली की पेटी परत जायची. हदीसचा नाद त्यांना तिथूनच लागला असं ते सांगत. कसबा पेठेत एक उस्ताद होते, त्यांच्याकडे अब्बा दर रविवारी सायकलने जाऊन अरबी शिकले. घरात आम्ही दख्खनी बोलतो (इथलं बोलणं मी मराठीत लिहिते आहे), पण अब्बा लिहायचे मराठीत. क्वार्टर्समधला शेजार सगळा मराठी, आणि शेजारधर्माबद्दलच्या हदीस शेजाऱ्यांनाच वाचता येऊ नयेत हे त्यांना चमत्कारिक वाटे.

म्हणून त्यांचं पुस्तक शेजाऱ्यांविषयीचं. चाळीस हदीस निवडून त्यांचं पुस्तक करण्याची जुनी रीत आहे. अब्बांच्या जवळ कितीतरी वर्षं एकोणचाळीस होत्या. चाळिसावी होती, पण तिच्यावर त्यांचं समाधान होत नव्हतं.

मराठी तपासायला एक काका होते. अब्बांच्याच विभागात समोरच्या टेबलावर बसायचे. बौद्ध. देव मानत नाहीत, पैगंबर मानत नाहीत, स्वल्पविराम मात्र मानतात. अब्बा त्यांना इन्स्पेक्टर म्हणत, ते अब्बांना मौलाना. एकदा माझ्यासमोर काका म्हणाले होते, "मौलाना, तुमचे हे रावी आपल्या स्टोअरवाल्यापेक्षा बरे. कुणाकडून घेतलं ते निदान सांगतात तरी."

तर हे अकरा खोके. वाघोलीच्या फ्लॅटमध्ये अब्बांच्या वाट्याला एक कपाट होतं. मी ठरवलं, सगळं संगणकावर घ्यायचं. कार्डं अरबी लिपीत होती, खाली मराठी अर्थ. मला लहानपणापासून वाचता येतं. पुस्तक मराठी, म्हणून नावं मी देवनागरीत उतरवली. रोज ऑफिसातून आल्यावर दीड तास. एक्सेलमध्ये रकाने: क्रमांक, कथन, सनद, कुठल्या पुस्तकातून, अब्बांचा शेरा. टाइप करताना लक्षात आलं की एकच कथन तीन-तीन, चार-चार कार्डांवर आहे. मजकूर तोच, मराठीही तेच. मला वाटलं, म्हातारा माणूस, लिहिलेलं विसरून पुन्हा लिहिलं. पहिलं कार्ड ठेवलं, बाकीची दुबार म्हणून काढली. अकरा खोक्यांचे चार झाले. कपाटात नीट बसले. बाहेरून चिठ्ठ्याही लावल्या.

मी अब्बांना विचारलं नाही. विचारलं तर ते एकही कार्ड टाकू देणार नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणजे विचारायला हवं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं.

चार महिन्यांनी अब्बांनी चाळिसावीचं दुसरं कार्ड मागितलं.

मी म्हटलं, दुसरं कशाला, एक आहे ना. तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं, जे मी एवढी वर्षं त्या घरात राहून कधी विचारलं नव्हतं. कथन तेच असलं तरी वरची नावं वेगळी होती. प्रत्येक कार्ड म्हणजे वेगळ्या माणसांमधून आलेली वेगळी वाट. चाळिसावीच्या पहिल्या वाटेवर एक रावी असा होता की माणूस सच्चा, पण उतारवयात त्याची आठवण बिघडलेली. त्याच्या एकट्याच्या सांगण्यावर विसंबता येत नव्हतं. दुसऱ्या वाटेवरही असाच एक कच्चा माणूस होता, पण दुसऱ्याच गावचा, पहिल्याला कधी न भेटलेला. दोन विसरभोळी माणसं एकमेकांना न विचारता तीच गोष्ट सांगत असतील, तर ती दोघांनाही नुसतीच सुचली असेल असं होत नाही. एकमेकांच्या आधाराने दोघं उभी राहतात. ही दुसरी वाट अब्बांना फार उशिरा सापडली होती, अम्मीच्या आजारपणाच्या थोडी आधी, आणि शेरा लिहायचा राहून गेला होता. तो लिहिला की चाळीस पूर्ण.

"दुबार समजून काढलीस?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि किती गेली ते विचारलं. सात खोके, मी सांगितलं. ते मान हलवत राहिले. मग मी रद्दीवाल्याकडे जाऊन त्याच्यावर तोंड टाकलं. त्याचा काय दोष? माल केव्हाच पुढे गेला होता. तो म्हणाला, मॅडम, तुम्हीच बांधून दिलं होतं, गाठी पण तुमच्याच होत्या. खरं होतं. मी गाठी फार छान मारते.

पुढचे दोन महिने मी अब्बांना विचारून एकेक वाट परत शोधली. बहुतेक सगळ्या छापील पुस्तकांत होत्या, काही इंटरनेटवर मिळाल्या. चाळिसावीची दुसरी मिळाली नाही. ती अब्बांनी उस्तादांच्या हस्तलिखित वहीतून उतरवून घेतली होती. उस्ताद वारले, त्यांची पुस्तकं नातेवाइकांनी कुणाकुणाला दिली, वह्यांचं कुणी नावही काढलं नाही. मी कसबा पेठेत चार वेळा गेले. घराच्या खालच्या मजल्यावर आता मोबाइलची कव्हरं विकतात. वर राहणाऱ्या बाई भल्या होत्या, त्यांनी माळाही दाखवला. माळ्यावर पाण्याची टाकी होती.

ती हदीस काय आहे ते मी इथे लिहिणार नाही. कच्चं म्हणून सांगितलेलंही छापलं की लोक कच्चं हा शब्द विसरतात आणि बाकीचं पुढे पाठवतात. अब्बांनी आयुष्यभर तेच टाळलं.

पुस्तक एक मंडळ छापणार होतं. मोफत वाटायला. त्यांचे सेक्रेटरी एका रविवारी घरी आले, काकाही बसलेले होते. सेक्रेटरी मुखपृष्ठ छापूनच घेऊन आले होते: हिरवं, सोनेरी, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत चाळीस. आत मजकूर नाही आणि वर आकडा. मी त्यांना चहा दिला आणि परिस्थिती सांगितली. माझी चूक माझी म्हणून सांगितली.

त्यांनी ती हसण्यावारी नेली. नावांच्या रांगा वाचतं कोण, आपा, असं मलाच म्हणाले. सनद काढूनच टाका, पानं कमी होतील, लोकांना वाक्य हवं असतं. आणि चाळिसावी म्हणाल तर ही पाहा. त्यांनी मोबाइल अब्बांपुढे धरला. एका ग्रुपवर आलेली होती, फुलांच्या चित्रावर.

अब्बांनी ती दोनदा वाचली. "कुणाकडून आली?"

"ग्रुपवर आली."

"ग्रुपवर कुणी टाकली?"

"फॉरवर्ड आहे, साहेब. पुष्कळ वेळा फॉरवर्ड झालेली. हे बघा, दोन बाण आहेत."

"पुष्कळ वेळा," अब्बा म्हणाले, "हे कुणा माणसाचं नाव आहे का?"

काका खिडकीबाहेर बघत हसले. सेक्रेटरी हसले नाहीत, पण हरलेही नाहीत. त्यांनी दुसरी बाजू धरली. कार्ड गेलं तर गेलं, तुम्हाला तर आठवतं ना? तुमच्यासारख्या माणसाचा शब्द आम्हाला पुरे.

मला वाटलं अब्बा सुखावतील. ते म्हणाले, "सकाळी नाश्ता झाला की नाही ते मी या मुलीला विचारतो. माझा शब्द तुम्ही कुठल्या हिशेबात धरणार?"

मग काकांकडे वळले. कार्ड काकांनीही पाहिलं होतं, मराठी त्यांनीच तपासलं होतं. काय पाहिलंत, इन्स्पेक्टर?

काका खोटं बोलू शकले असते. तेवढ्याने काम झालं असतं आणि मी त्यांच्याकडे तशा नजरेने बघतही होते. ते म्हणाले, "कार्ड होतं. निळी शाई. खालचं मराठी मी वाचलं, एक शब्द बदलला. वरची नावं म्हणाल तर ती तुमची लिपी. मला ती नक्षी."

"किती ओळी?"

"तीन. चारही असतील. पैज लावणार नाही."

अब्बांनी मान डोलावली, जणू नेमकं हेच उत्तर हवं होतं. मला त्या दोघांच्या डोक्यात ती मुखपृष्ठं घालावीशी वाटली. दोन म्हातारे, आयुष्यभराचं काम, हातात आलेली छपाई, आणि हे ओळी मोजत बसलेत.

सेक्रेटरी पंधरा दिवसांची मुदत देऊन उठले. कार्यक्रमाची तारीख पक्की होती. लिफ्टपाशी मला हळूच म्हणाले, "आपा, टाइप तुम्हीच केलंय ना सगळं? बघा कुठे सापडतं का. यांच्या हयातीत पुस्तक यावं, एवढीच आमची इच्छा." त्यांनी मला खोटं बोल म्हणून सांगितलं नाही. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. हयात हा शब्द त्यांनी वापरला, बाकीचं मी केलं.

आठवडाभर मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ते जुळवलं. माझ्या एक्सेलमध्ये शेकडो रावी होते, कोण कुणाकडून ऐकतो हेही होतं. मी सहा नावांची सनद तयार केली. पाच कड्या खऱ्याच होत्या, दुसऱ्या हदीसमधून उचललेल्या. मधली एक मी अंदाजाने बसवली. काम नीटनेटकं होतं. मला त्याचा थोडा अभिमानही वाटला, त्या अभिमानाचा राग वेगळाच.

शनिवारी दुपारी मी अब्बांना सांगितलं, जुन्या फाइलमध्ये सापडली. बदल करण्याआधीची एक प्रत राहिली होती.

त्यांचा चेहरा उजळला. पुढचं काहीही आठवलं की मला आधी तो चेहरा दिसतो. वाच, म्हणाले. मी वाचलं. डोळे मिटून ऐकत होते. चौथ्या नावानंतर हात वर केला. पुन्हा वाच. पुन्हा वाचलं.

"हा तिसरा कुठला?"

"बसऱ्याचा," मी म्हटलं. एवढं मला माहीत होतं.

"आणि ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो तो?"

"मिस्रचा." म्हणजे इजिप्तचा.

"बसऱ्याचा हा माणूस बसऱ्याबाहेर कधी गेला नाही. आंधळा होता. आणि मिस्रचा तो हज सोडून कुठे गेला नाही. हजला गेला त्या साली हा जन्मलाही नव्हता." डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग ऐकलं कुठे?"

मी कागद खाली ठेवला.

"कुणी बनवली?"

"मी बनवली," मी म्हटलं, आणि एकदा तोंड उघडल्यावर मला थांबवेना. हो, मी बनवली. तुमच्यासाठी बनवली. बाराशे वर्षांपूर्वी कोण कुठे गेला नाही ते तुम्हाला आठवतं, आणि काल मला फुफीच्या, तुमच्या बहिणीच्या, नावाने हाक मारली ते आठवत नाही. गोळ्या घेतल्या का ते आठवत नाही. त्या बसऱ्याच्या आंधळ्याला जेवण वाढायला कुणी होतं का? असलं बरंच. शेजारच्या फ्लॅटचं दार वाजलं तेव्हा मी थांबले.

अब्बा शांतपणे म्हणाले, "बनवणारे सगळे कुणासाठी तरीच बनवायचे. शत्रू थोडे होते. जास्त करून भली माणसं होती. लोक चांगले वागावेत म्हणून बनवायचे."

मी म्हटलं, मग मला त्यांच्यात घाला.

"घालावं लागेल," ते म्हणाले.

मला वाटलं बोलण्याच्या भरात आहे. नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की माझी यादी आता चालणार नाही. चाळिसावी गेलीच, पण बाकीच्या एकोणचाळीसही मीच उतरवलेल्या. ज्याचं एक खोटं सापडलं त्याचं बाकीचं तपासल्याशिवाय घेत नाहीत. प्रत्येक सनद कार्डाशी पुन्हा ताडून बघायची, आणि ती माझ्या डोळ्यांनी नाही.

सव्वीस वर्षं. माझ्या सहीने मुलं परदेशी गेली आहेत. मी केलेली नोंद कुणी उघडून तपासत नाही, कारण गरज पडत नाही. आणि माझा स्वतःचा बाप मला सांगतो, तुझं चालणार नाही. तीन दिवस मी त्यांच्याशी गोळ्या आणि जेवण याखेरीज बोलले नाही. त्यांनीही मनधरणी केली नाही. त्यांनी काकांना फोन लावायला सांगितला, तो मी लावून दिला आणि खोलीबाहेर गेले.

काका दर मंगळवारी, गुरुवारी आणि रविवारी येऊ लागले. दोन बस बदलून, नगर रोडच्या त्या गर्दीतून, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. रीत कारखान्यातली: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने समोरच्या कागदावर खूण करायची. अब्बा कार्डावरची अरबी नावं वाचत, काका माझ्या देवनागरी छापील प्रतीवर एकेका नावापुढे टिंब देत. अब्बांनी आठवणीतून एक शब्दही घालायचा नाही, फक्त डोळ्यांसमोरचं वाचायचं, हा नियम त्यांनीच केला. मी स्वयंपाकघरात. भाजी चिरताना नावं ऐकू येत. दार बंद करायला मला कुणी सांगितलं नव्हतं, आत यायलाही सांगितलं नव्हतं.

चौदाव्या हदीसला काकांचा आवाज आला, "थांबा, मौलाना. तुम्ही सात वाचलीत, इथे सहा आहेत."

मी चाकू ठेवला. एक नाव माझ्याकडून सुटलं होतं. ही बनवाबनवी नव्हती, साधी चूक. एकतिसाव्या हदीसमध्ये आणखी एक निघाली. आजोबा आणि नातू, नावं जवळजवळ सारखी. आजोबा विश्वासू, नातू नाही. मी नातवाच्या जागी आजोबा घातले होते. ती सनद कार्डावर होती त्यापेक्षा भक्कम दिसत होती. अब्बांनी दुसऱ्या वाटेच्या जोरावर ती ठेवली, पण शेरा खाली आणला. मी खोटं बोलले नसते तर हे दोन्ही तसंच छापलं गेलं असतं. हे मला कळलं आणि माझा राग निवला नाही, वाढलाच. चुकीचं ठरण्याचा राग सोसता येतो. चूक सापडली ती खोट्यामुळे, याचा कुठे काढायचा?

तोवर अब्बांचे वाईट दिवस वाढले होते. एका गुरुवारी त्यांनी तेहतीस नंबरचं कार्ड वाचलं, बाजूला ठेवलं, उचललं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. काकांनी दुसऱ्यांदाही निमूट ऐकलं. जाताना त्यांनी मला कागद दाखवला. त्या दिवशीच्या सगळ्या टिंबांभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल केला होता.

"हे धरायचे नाहीत," ते म्हणाले. "चांगल्या दिवशी पुन्हा घेऊ."

"त्यांना सांगितलंत?"

"नियम त्यांचाच आहे. रावीची आठवण बिघडली तर बिघडण्याआधीचं घ्यायचं, नंतरचं सोडायचं. मी फक्त तो वर्षांऐवजी वारांना लावला."

मला रडू आलं असतं तर बरं दिसलं असतं. मी त्यांना विचारलं, असे किती चांगले दिवस उरलेत असं वाटतं. ते म्हणाले, कार्डं आठ उरलीत, तेवढे निघतील. मी त्या दिवसापासून भिंतीवर तक्ता लावला. झोप किती झाली, सकाळी वार विचारला तर सांगता आला का, साखर किती. चांगला दिवस दिसला की सकाळी सातला काकांना फोन. वार कुठलाही असो. दोनदा मी रजा टाकली आणि त्यांना खडकीहून रिक्षाने आणलं. खोलीत मात्र पाऊल टाकलं नाही.

मुदत केव्हाच उलटून गेली होती. सेक्रेटरींना मी फोन करून सांगितलं की एकोणचाळीसच होतील. एकाने काय बिघडतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मग एक कमी पडल्यानेही बिघडू नये. मुखपृष्ठ छापून झालंय, ते म्हणाले. पुढे त्यांनी दुसऱ्या कुणाकडून चाळीस करवून घेतल्या, सनद नसलेल्या, आणि हात जोडलेल्या चित्रासकट मला त्याची लिंक पाठवली. मी ती उघडली नाही. उघडली तर मी वाचेन, आणि वाचली तर तपासेन.

एकोणचाळिसावं कार्ड एका बुधवारी झालं. माझ्या ओळखीचा एक छापखाना आहे, प्रश्नपत्रिकांमुळे. त्यांनी शंभर प्रती काढून द्यायचं कबूल केलं. प्रस्तावनेचं शेवटचं टिपण तेवढं राहिलं होतं. ते अब्बांनी सांगितलं आणि काकांनी लिहून घेतलं. मग काकांनी मला आत बोलावलं, पहिल्यांदाच, आणि कागद हातात दिला. त्यात होतं की चाळीस ही रीत असली तरी इथे एकोणचाळीस दिल्या आहेत. चाळिसावीची एक सनद दुबळी आहे, दुसरी होती, पण तिचं कार्ड गहाळ झालं.

मी विचारलं, "गहाळ झालं म्हणजे? आपलं आपण?"

अब्बा म्हणाले, तेवढं पुरे आहे.

"पुरे नाही. कुणी केलं ते लिहा. तुमच्या सनदेत 'एका माणसाकडून ऐकलं' असं आलं तर तुम्ही ती घेत नाही. कोण माणूस ते विचारता. मग इथे मी का नाही?"

"लोक वाचतील, बेटा."

"वाचू देत. माझी यादी चालली नाही तेव्हा तुम्हाला दया आली नव्हती. आता नको."

काका कागदाकडे बघत म्हणाले, "मौलाना, बोलण्यात दम आहे तिच्या."

अब्बांनी टेबलावरची कार्डं उगाच सारखी करायला घेतली. मला भीती वाटली की दिवस पलटला, विषयच निसटला. सकाळी वार बरोबर सांगितला होता, तरी. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारायला सुरुवात केली. कार्ड कधी काढलंस. खडकीचं घर हलवल्यावर, मी म्हटलं. कुठे. याच घरात, जेवणाच्या टेबलावर. नावं वाचली होतीस का. पहिल्या कार्डाची वाचली, दुसऱ्याची नाही, मजकूर तोच दिसला म्हणून बाजूला केलं. कुणी सांगितलं होतं का. नाही. मला का विचारलं नाहीस.

"तुम्ही नको म्हणाला असता म्हणून."

ते मान हलवत होते. "शाई कुठली होती?"

"निळी," मी म्हटलं, आणि लगेच थांबले. "नाही. ते काका म्हणाले म्हणून मला वाटतं. मला शाई आठवत नाही."

त्यांनी काकांकडे पाहिलं. "लिहा. कार्ड माझ्या मुलीने दुबार समजून काढून टाकलं, असं तिने स्वतः मला सांगितलं."

काकांनी पेन उचललं नाही. त्यांना गंमत करायची होती की खरंच नियम विचारायचा होता, मला सांगता येणार नाही. "हिचं घ्यायचं? दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच म्हणालात, चालणार नाही."

"हे तिच्याविरुद्ध जातंय," अब्बा म्हणाले. "आणि शाईचं तिने सोडून दिलं. घ्या."